डीपीएफ चोक झालाय? बदलण्याआधी आकडे मागा

डिझेल गाडीचा जुना मिस्त्री सायलेन्सरकडे बघूनच निम्मं निदान करायचा. काळा धूर असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरलंय. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि या विद्येची धार बोथट झाली. बीएस-६ डिझेल गाडीचा धूर सायलेन्सरच्या टोकापर्यंत पोचतच नाही, तो वाटेत डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी पकडणाऱ्या फिल्टरमध्ये अडकतो. इंजेक्टर गळत असो, टर्बो ऑइल सोडत असो की इंटरकूलरचा पाइप फाटलेला असो, मालकाला मागच्या आरशात काहीच दिसत नाही. शेवटी एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते आणि गॅरेजमधून निरोप येतो, ‘साहेब, डीपीएफ चोक झालाय, बदलावा लागेल.’

चोक झालेला असेलही, पण तो का झाला हे कुणी सांगत नाही. हा फिल्टर आपण होऊन क्वचितच बिघडतो, बहुतेक वेळा तो दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीची काजळी पोटात घेऊन बसलेला असतो. नव्या फिल्टरचं बिल बऱ्याच गाड्यांत पाच आकडी आणि काहींत सहा आकडी होतं. एवढे पैसे मोजून नवा बसवला आणि इंजेक्टर तसाच गळत राहिला, तर तोही चोक होणारच. म्हणून या लेखाचा रोख फिल्टरपेक्षा त्याच्या मागच्या कारणांवर जास्त आहे.

आत काय चालतं, ते थोडक्यात सांगतो. डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची सिरॅमिकची वीट. प्रत्येक नळी एका टोकाला बंद असते आणि शेजारची नळी दुसऱ्या टोकाला. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतून झिरपावं लागतं. वायू पार होतो, काजळी भिंतीवर राहते. ही काजळी अधूनमधून जाळावी लागते, त्याला सगळे ‘रीजनरेशन’ किंवा नुसतं ‘रीजन’ म्हणतात. हायवेवर इंजिनावर बरा भार असेल तर साधारण २५० ते ४०० अंशांवर नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने थोडी काजळी आपसूक जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतः पुढाकार घेतो. मुख्य ज्वलन होऊन गेल्यावर तो सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल सोडतो. ते फिल्टरच्या आधीच्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. गाडी सलग चालत असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं.

हे रीजन चालू असताना आयडलिंगचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असतात, स्क्रीनवरचं ॲव्हरेज घसरतं, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, गाडी उभी केल्यावरही पंखा जोरात फिरतो आणि खालून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळी जमलं तर दहा मिनिटं आणखी चालवावी, लगेच चावी फिरवू नये. आणि वाळलेल्या गवतावर तर गाडी अजिबात उभी करू नये. उन्हाळ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी शेताच्या कडेला गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

रीजन होण्यात वाईट काही नाही, पण ते किती किलोमीटरनंतर होतं याकडे लक्ष असावं. मॉडेलप्रमाणे आणि वापराप्रमाणे हे अंतर बदलतं, तरी बहुतेक कारमध्ये ते काही शे किलोमीटर असतं. ते घटत घटत शंभराच्या आत आलं असेल, तर काजळी जास्त तयार होत आहे किंवा नीट जळत नाही. दिवा लागण्याच्या कित्येक आठवडे आधी मिळणारी ही सूचना आहे, आणि ती पैसे न देता मिळते.

एक गल्लत इथेच दूर केलेली बरी. डीईएफ, ज्याला पंपावर सगळे ‘युरिया’ म्हणतात, त्याचा आणि डीपीएफचा थेट संबंध नाही. ३२.५ टक्के युरियाचं ते द्रावण वेगळ्या टाकीत भरतात आणि ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर काम करतं. डीईएफ संपल्याचा दिवा लागला म्हणून कुणी फिल्टर साफ करायला सांगत असेल, तर तिथून गाडी काढावी.

स्कॅनर लावल्यावर

पहिला नियम असा की कोड वाचायचे, लिहून किंवा फोटो काढून ठेवायचे आणि मगच काय ते पुसायचं. अनेक ठिकाणी गाडी आली की आधी ‘एरर क्लिअर’ करतात. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते. गाडीचा वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, भार किती होता, हे सगळं त्या नोंदीत असतं. पुरावा पुसून मग तपास करण्यात काय अर्थ?

पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साचली. पी २४२एफ म्हणजे राख साचली. पी २००२ म्हणजे फिल्टर पुरेसं काम करत नाही. त्यामागे फुटलेला फिल्टर असू शकतो, तसाच बिघडलेला सेन्सरही. पी २४५२ आणि त्याच्या लगतचे कोड प्रेशर सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतात, फिल्टरबद्दल नव्हे. सेन्सरचा कोड असताना फिल्टर बदलल्याच्या कहाण्या कुठल्याही मोठ्या शहरात ऐकायला मिळतील. आणि सोबत पी ०२९९ (टर्बोचा दाब कमी), पी ०४०१ (ईजीआर, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा, तिचा प्रवाह कमी), पी ०१०१ (हवा मोजणारा सेन्सर) किंवा पी ०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) यांपैकी काही असेल, तर तपास तिथून सुरू करायचा. डीपीएफचा कोड त्यांच्या मागून आलेला असण्याची शक्यता जास्त.

मोबाइलला जोडायचे स्वस्त ओबीडी अडॅप्टर कोड दाखवतात, पण डीपीएफचे आतले आकडे बऱ्याचदा दाखवत नाहीत. त्यासाठी कंपनीचा स्कॅनर किंवा त्या ब्रँडचा डेटा वाचणारं चांगलं मशीन लागतं. गॅरेजला गाडी देण्याआधी ‘डीपीएफचा लाइव्ह डेटा दिसतो का?’ एवढं विचारावं. उत्तर अडखळत आलं तर काय समजायचं ते समजा.

लाइव्ह डेटातला सर्वांत बोलका आकडा म्हणजे डिफरेन्शियल प्रेशर, फिल्टरच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतला फरक. तो चार अवस्थांत पाहावा. चावी ऑन पण इंजिन बंद असताना तो शून्य किंवा शून्याला अगदी लागून हवा. इथेच दोन-तीन किलोपास्कल दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि पुढचे सगळे आकडे निरर्थक आहेत. इंजिन गरम करून आयडलिंगला पाहिलं तर बहुतेक गाड्यांत हा फरक एक किलोपास्कलच्या आसपास किंवा खाली असतो. जागेवर अडीच-तीन हजार आरपीएम धरले की तो वाढतो, पण निरोगी फिल्टरमध्ये काही मोजक्या किलोपास्कलवर थांबतो. तिथे तो दहाच्या पुढे जात असेल तर वाट अडलेली आहे. शेवटी गाडी रस्त्यावर भाराखाली पळवून बघायची. नेमकी मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते आणि वाद झाला तर तीच ग्राह्य. काही मशीन मिलिबारमध्ये आकडा देतात. दहा मिलिबार म्हणजे एक किलोपास्कल. हे एकक न बघता लोक घाबरतात.

आकडा जास्त आला तरी लगेच फिल्टरवर शिक्का मारू नये. प्रेशर सेन्सरला बहुतेक गाड्यांत दोन बारीक नळ्या येतात, एक फिल्टरच्या आधीहून, दुसरी नंतरहून. या नळ्या उष्णतेने कडक होतात, चिरतात, काजळीने बुजतात. आपल्याकडे पार्किंगमधले उंदीरही त्यांचा फडशा पाडतात. आधीची नळी फुटली तर दाब सुटून जातो, आकडा कमी येतो आणि ईसीयूला वाटतं की फिल्टर रिकामा आहे किंवा जागेवरच नाही. दोन्ही नळ्या उलटसुलट बसवल्या तर आकडा उणे येतो. नळ्या काढून हवेने साफ करणं, चिरा बघणं, कनेक्टरमध्ये पाणी आहे का पाहणं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. तरीही शंका राहिली तर आधीच्या नळीच्या जागी साधा काट्याचा गेज लावून दाब मोजावा. गेज आणि स्कॅनर दोघांचं एकमत झालं की मगच फिल्टर खरोखर अडलाय असं म्हणावं.

तापमानाच्या सेन्सरांसाठी सर्वांत सोपी चाचणी सकाळची. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा आणि एक्झॉस्टचे सगळे तापमान सेन्सर बघा. सगळ्यांनी बाहेरच्या हवेएवढाच आकडा दाखवायला हवा. बाहेर २५ अंश असताना एखादा ९० दाखवत असेल तर चोर सापडला. चुकीचं तापमान कळत असेल तर ईसीयू रीजन सुरूच करत नाही किंवा मधेच सोडतो. रीजन चालू असताना ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टच्या आधीचं आणि नंतरचं तापमानही बघावं. जादा डिझेल जातंय, पण नंतरचं तापमान चढत नाही, म्हणजे कॅटॅलिस्ट थकलाय किंवा काजळीने माखलाय. अशा वेळी नुसता फिल्टर धुवून उपयोग नाही.

अजून एक जोडी तपासावी. ईसीयू काजळीचा अंदाज दोन वाटांनी करतो, एक गाडी कशी चालली यावरून हिशेबाने आणि दुसरा दाबावरून. हिशेबात काजळी भरपूर, पण दाब सामान्य असेल, तर फिल्टर रिकामा असून नोंद जुनी असू शकते. साफ करून किंवा बदलून आणला आणि मशीनवर रीसेट करायचं राहिलं की असं होतं. उलट हिशेबात काजळी कमी आणि दाब मात्र जास्त, तर राखेचा संशय घ्यावा.

काजळी आली कुठून?

सर्वांत सामान्य कारण म्हणजे वापर. घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नल आणि ट्रॅफिकमधून. इंजिन तापायच्या आत प्रवास संपतो, रीजन सुरू होतं आणि पार्किंगमध्ये तुटतं. हे वारंवार झालं की उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ते ‘ऑइल कमी होत नाही, चांगलंय’ म्हणून आनंद मानण्यासारखं नाही. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग खातं. ते आधी बदलावं आणि मगच रीजनचा विचार करावा.

हातखर्चासारखं पाचशे-पाचशेचं डिझेल टाकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रिझर्व्हचा दिवा लागलेला असताना अनेक गाड्या रीजन सुरूच करत नाहीत.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपली जुनी सवय आडवी येते. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा कित्येक गॅरेजांतला पिढीजात सल्ला. जुन्या इंजिनांत तो कसाबसा खपून गेला. बीएस-६ गाडीत थर्मोस्टॅट नसला किंवा उघडा अडकला तर हायवेवरच्या वाऱ्याने इंजिन थंडच राहतं. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही आणि ईसीयू रीजनला परवानगी देत नाही. गाडी रोज शंभर किलोमीटर पळते तरी डीपीएफ भरतो, याचं कोडं अनेकदा इथे सुटतं. स्कॅनरवर वीस मिनिटं सलग चालवल्यावर कूलंट ऐंशी अंशांच्या खालीच रेंगाळत असेल, तर आधी थर्मोस्टॅट बघा.

मग हवेची वाट. एअर फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर, इंटरकूलरचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. टर्बोनंतरच्या पाइपला बारीक चीर गेली की मोजलेली हवा वाटेतच गळते, डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने जातं, आणि काजळी तयार होते. चिरेच्या जागी तेलकट काळा डाग दिसतो. नाही दिसला तर धूर भरून लीक टेस्ट करावी. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी हाच परिणाम. टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असेल तर पाइपच्या आत ते साचलेलं सापडतं. थोडा ओलावा चालतो, पण पाइप काढल्यावर ऑइल ओघळू नये.

इंजेक्टरसाठी दोन चाचण्या मागाव्या, आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन आणि रिटर्न लाइनमधून किती डिझेल परत येतं याची तुलना. एखादा इंजेक्टर बाकीच्यांपासून ठळक वेगळा निघाला तर काजळीचा झरा तोच असण्याची दाट शक्यता. पूर्वी हे काळ्या धुरावरून कळलं असतं.

राखेचा प्रश्न मात्र निराळा आहे. काजळी जळते, राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम अशा घटकांतून, आणि लाख-दीड लाख किलोमीटरनंतर तिची नोंद घ्यावी लागतेच. चुकीच्या ऑइलने ती फार लवकर साचते. डीपीएफ असलेल्या कारला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असा उल्लेख असतो, कंपनीने नेमकं कोणतं सांगितलंय ते मॅन्युअलमध्ये मिळेल. सी३ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. दुकानदार ‘डिझेलचंच आहे, ट्रकवालेही हेच नेतात’ म्हणून जुन्या श्रेणीचा स्वस्त डबा पुढे करतो, तेव्हा वाचलेले चार-पाचशे रुपये पुढे फिल्टरच्या बिलातून वसूल होतात.

उपाय आणि उपायाच्या नावाखाली

दिवा नुसता पिवळा लागला असेल, गाडी नीट ओढत असेल आणि दुसरा कोड नसेल, तर आधी गाडी बाहेर काढावी. टाकीत पुरेसं डिझेल असावं, इंजिन तापलेलं असावं आणि मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगाने, आरपीएम दोन हजारांच्या वर राहतील असा गिअर धरून वीस-पंचवीस मिनिटं सलग जावं. पुण्याहून द्रुतगती मार्गाला निघालात तर घाट उतरण्याचा भाग त्यात धरू नका. उतारावर पाय उचललेला असतो आणि एक्झॉस्ट थंड होतो. चढ मात्र मदतच करतो.

दिव्यासोबत चेक इंजिनही लागलं, गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे ईसीयूने ताकद मर्यादित केली, तर ही हायवेची फेरी नको. तेव्हा वर्कशॉपमध्ये मशीनने रीजन करून घ्यायचं, तेही वरची कारणं तपासल्यावर. आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे काजळी साचली असेल तर मशीनचं रीजनही करू नये. एवढी काजळी एकदम पेटली तर आतलं सिरॅमिक वितळतं किंवा तडकतं, आणि साफ होऊ शकणारा फिल्टर भंगारात जातो. हे काम उघड्यावर, काँक्रीटवर, आसपास काही पेट घेणारं नाही असं बघून करतात. पत्र्याच्या बंद शेडमध्ये कुणी करत असेल तर अडवा.

राख साचली असेल तर फिल्टर काढून बाहेर मशीनवर साफ करावा लागतो, आणि चांगला क्लीनर आधीचं आणि नंतरचं वजन व हवेचा प्रवाह कागदावर देतो. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने पाणी मारणं ही सफाई नव्हे. त्याने राखेचा चिखल होऊन नळ्यांत घट्ट बसतो आणि ओला फिल्टर तापला की तडकतो. डिझेलमध्ये ओतायच्या बाटल्या काजळी थोड्या कमी तापमानाला जळायला मदत करू शकतात. राखेपुढे आणि गळक्या इंजेक्टरपुढे त्यांचं काही चालत नाही.

मग येतो ‘डिलीट’चा सल्ला. आतलं सिरॅमिक फोडून काढायचं, ईसीयू रीमॅप करायचा, झंझट मिटली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदणीशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि वॉरंटी तर गेलीच. पण मला खरा आक्षेप वेगळाच आहे. डिलीटने इंजेक्टर दुरुस्त होत नाही. तीच काजळी आता मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते, एवढाच फरक.

सेकंडहँड डिझेल घेणाऱ्यांनी इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकात पांढरा रुमाल किंवा टिश्यू फिरवून बघावा. चांगल्या डीपीएफमागे आतली भिंत जवळपास स्वच्छ असते. बोट घातल्यावर काळंकुट्ट होत असेल तर फिल्टर तडकलेला आहे किंवा आत नाहीच.

दुरुस्ती झाली की बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: कामाआधीचं आणि कामानंतरचं डिफरेन्शियल प्रेशर, दोन्ही एकाच आरपीएमला, काजळी का साचली याचं कारण, आणि नवा किंवा साफ केलेला फिल्टर मशीनवर रीसेट केल्याची नोंद. ज्यांचं रोजचं जाणं-येणं दहा किलोमीटरच्या आत आहे आणि महिन्यातून एकदाही हायवे होत नाही, त्यांनी पुढची गाडी डिझेल घेऊ नये.